मॅक्रोचं बटण अडलं म्हणून सुरक्षा बंद करू नका

डिचोलीच्या एका पतसंस्थेत काम करणाऱ्या माझ्या वहिनीला व्हॉट्सॲपवर आलेला सल्ला: एक्सेलच्या टूलबारवरचं बटण दाबल्यावर 'कॅनॉट रन द मॅक्रो' आलं (मॅक्रो म्हणजे ठरलेली कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम), तर ट्रस्ट सेंटर या सुरक्षेच्या सेटिंग्जमध्ये सगळे मॅक्रो 'एनेबल' करा, अँटीव्हायरस बंद करा, फाइल एक्सएलएसएक्स या एक्सेलच्या नेहमीच्या प्रकारात सेव्ह करा, नाहीतर मायक्रोसॉफ्ट ऑफिस पुन्हा टाका. तिने पहिल्या दोन गोष्टी केल्यासुद्धा. बटण अजून चालत नाही. आता तोच सल्ला फोंड्याच्या नातेवाइकांकडूनही आलाय, म्हणून हे लिहितोय.

सगळे मॅक्रो 'एनेबल' करायच्या त्या पर्यायापुढेच मायक्रोसॉफ्टने 'नॉट रेकमेंडेड' छापलंय. तो निवडला की कुणाच्याही पेन ड्राइव्हवरून आलेल्या फाइलमधला मॅक्रो न विचारता चालू होतो. तोही सभासदांच्या ठेवी आणि कर्जखाती असलेल्या संगणकावर, आणि वर अँटीव्हायरस बंद! असले सल्ले पुढे ढकलणाऱ्यांना याची जबाबदारी वाटत नाही का?

मॅक्रो अडवल्यामुळेही हा संदेश येतो, एवढं मान्य. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने 2022 पासून मुळातच अडवायला सुरुवात केली. पण फाइल खात्रीच्या माणसाची असेल, तर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन तेवढ्या एकाच फाइलपुरतं 'अनब्लॉक' करता येतं.

वहिनीचं दुखणं मात्र वेगळंच. टूलबारवरचं बटण मॅक्रोच्या नावासोबत तो कुठल्या फाइलमध्ये आहे तेही धरून ठेवतं. नव्या आर्थिक वर्षासाठी पतसंस्थेत फाइलचं नाव बदललं, जागाही बदलली. बटण जुन्याच जागी शोधतंय. जुनी फाइल तिथे असती, तर एक्सेलने तीच उघडून तिच्यातला मॅक्रो चालवला असता, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं. उपाय साधा आहे: ऑप्शन्समधल्या 'क्विक ॲक्सेस टूलबार'मधून जुनं बटण काढायचं, 'मॅक्रोज'च्या यादीतून नव्या फाइलमधला मॅक्रो जोडायचा. शीटवरचं बटण असेल तर राइट क्लिक करून 'असाइन मॅक्रो'. दरवर्षी ही कटकट नको असेल, तर मॅक्रो एक्सएलएएम ॲड-इनमध्ये (एक्सेलला जोडायच्या वेगळ्या फाइलमध्ये) ठेवा आणि ती फाइल हलवू नका.

एक्सएलएसएक्समध्ये मॅक्रो राहतच नाही. सेव्ह करताना एक्सेल तसं बजावतं. तरी 'येस' दाबलं, तर त्या फाइलमधला कोड गेला. मॅक्रोची फाइल एक्सएलएसएम या मॅक्रोवाल्या प्रकारातच ठेवायची.

ऑफिस पुन्हा टाकूनही काही साधत नाही. टूलबारची मांडणी वापरणाऱ्याच्या प्रोफाइलमध्ये वेगळी साठवलेली असते, त्यामुळे नव्याने टाकलेल्या ऑफिसमध्येही बहुधा तेच बटण जुन्याच फाइलचा पत्ता घेऊन परत येतं.