रस्त्यावर कोणी काय घालावे, हे सरकारने ठरवू नये

मे महिन्यात आमच्या भागात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा गाडीवरून कॉलेजला निघालेली मुलगी डोळे तेवढे उघडे ठेवून स्कार्फ बांधते आणि बाजाराला निघालेला शेतकरी कानातोंडाला दुपट्टा गुंडाळतो. सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यावर फ्रान्सने २०१० मध्ये कायद्याने बंदी घातली. तसा कायदा आपल्याकडेही हवा, असे म्हणणाऱ्यांनी आधी यवतमाळ किंवा चंद्रपूरच्या बसस्थानकावर भर दुपारी उभे राहून पाहावे. फ्रान्सच्या कायद्यात आरोग्यासारख्या कारणांसाठी सूट आहे. पण सूट आली की ती कोणाला द्यायची हे रस्त्यावरचा पोलीस ठरवणार, आणि उन्हाने बांधलेला कपडा कोणता व धर्माने बांधलेला कोणता, हे तो नाव विचारूनच ठरवेल, अशी मला रास्त भीती वाटते.

सक्ती कोणत्याही दिशेची असो, तिचा भार बाईच्याच अंगावर पडतो. इराणमध्ये १९३६ साली रझा शाहने बायकांचा पडदा जबरदस्तीने उतरवला आणि १९७९ च्या क्रांतीनंतर नव्या राजवटीने त्यांना जबरदस्तीने डोके झाकायला लावले. २०२२ मध्ये याच नियमावरून पकडलेल्या महसा अमिनीचा कोठडीत असताना मृत्यू झाला.

पोशाख बदलूच नये, असे माझे म्हणणे नाही. १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले, की जातीची ओळख पटवणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि तसले दागिने सोडून द्या. तिथे ना दंड होता ना शिपाई. पटले म्हणून बायकांनी नेसण बदलले. आमच्याकडे कापूस वेचायला जाणाऱ्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात, कारण बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी हात ओरबाडून निघतात. हा पोशाख त्यांनी कामाच्या गरजेतून स्वतःच ठरवला, आणि कोणत्याही समितीला तो इतका नेमका सुचला नसता.

पोलीस, परिचारिका, एस.टी.चा वाहक यांना गणवेश असावा, कारण लोकांना ते ओळखू यायला हवेत. हेल्मेटची सक्तीही मला मान्य आहे. मतदान केंद्रावर ओळख पटवण्यापुरता चेहरा दाखवायला सांगणे योग्यच आहे, फक्त बाईची ओळख पटवायला तिथे महिला कर्मचारी हवी. केंद्राबाहेर पडल्यावर मात्र तिने पदर घ्यावा, बुरखा घालावा की जीन्स, हे तिला विचारण्याचा अधिकार तहसीलदारालाही नाही आणि ग्रामसभेलाही नाही.