ऐच्छिक विषय: घ्या, नाहीतर दिला जाईल

बारावीचा निकाल हातात आला की तालुक्याच्या कॉलेजचा प्रवेश मार्गदर्शन मेळावा भरतो. मोठ्या शहरांत त्याला ओपन डे म्हणतात म्हणे. आपल्याकडं मंडप असतो, सत्कार असतो, म्हणून मेळावाच बरा. तुम्ही जरूर जा, आणि गेल्या गेल्या कूलरसमोरची खुर्ची धरा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-नारळ आणि राहून गेलेल्यांचे सत्कार आटोपल्यावर प्रमुख पाहुणे विद्यार्थ्यांकडे वळतात, तोवर जेवणाची वेळ झालेली असते. ‘आता कलेचा विद्यार्थी विज्ञान शिकेल, विज्ञानाचा विद्यार्थी साहित्य वाचेल!’ असं ते म्हणाले की टाळ्या वाजवा. त्यात खोटं काहीच नाही. केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२० च्या जुलैत मंजूर केलेलं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२४-२५ मध्ये आपल्या संलग्न कॉलेजांत पोहोचलं, आणि ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे हा ऐच्छिक विषय, मेजरच्या (मुख्य विषयाच्या) विद्याशाखेबाहेरचाच घ्यायचा, हा नियमच आहे.

कल्पना चांगली आहे. चांगल्या कल्पनेपासूनच माणसानं सांभाळून राहावं.

मेळाव्यात माहितीपत्रक मिळेल. त्यातली ऐच्छिक विषयांची यादी वाचून हरखून जा, पण ‘यातले चालू कोणते?’ असं विचारू नका. फार उद्धट प्रश्न आहे तो. यादी विद्यापीठाची असते, वर्ग कॉलेजचा असतो, आणि या दोघांच्या मध्ये वर्कलोड नावाची वस्तू उभी असते. ती समजून घ्या, कारण तुमच्या आवडीनिवडीचा उगम तिथंच आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमानुसार सहायक प्राध्यापकानं आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं. ज्या सरांच्या विषयाला मेजरसाठी पोरं येईनाशी झाली, त्यांचे तास कुठून भरायचे? तुमच्यातून. तेव्हा तुम्हाला कोणत्या विषयाची गोडी लागणार, हे प्राचार्यांच्या केबिनमध्ये आधीच ठरलेलं असतं. तुम्ही फक्त ती लावून घ्यायची.

ज्या विषयाला कायम सर नाहीत तो सीएचबीवर चालतो, म्हणजे तासाला मानधन. त्या सरांच्या नेमणुकीची ऑर्डर सत्र सुरू झाल्यावर रमतगमत येते. तोवर विषयावर जीव लावू नका. दोन क्रेडिटचा थिअरी पेपर म्हणजे एका क्रेडिटला १५ प्रमाणे ३० तास. सर दिवाळीच्या तोंडावर आले तर हे ३० तास कसे बसवायचे, हे गणित मात्र कुठल्याच विद्याशाखेत शिकवत नाहीत.

आता टाइमटेबल. ओपन इलेक्टिव्हचा तास शेवटचा असतो, कारण सगळ्या शाखांची पोरं एकत्र बसवायला दुसरी वेळच सापडत नाही. आणि तुमच्या गावाकडची एसटी तास सुरू व्हायच्या आधी सुटते. म्हणून समुपदेशन कक्षात वेळ घालवण्यापेक्षा सरळ डेपोच्या चौकशी खिडकीवर जा. तिथला माणूस खेकसतो, पण तुमचा अभ्यासक्रम किती पूर्ण होणार ते मिनिटासह सांगतो.

वर्गात एखादी फिजिक्सवाली पोरगी निघतेच, जिला खरोखर नाटक वाचायचं असतं. तिला वेळीच समजवा. ‘मग मी ‘स्वयम्’ या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन करते, सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात’ असं ती म्हणाली तर आधी दार लावून घ्या. पोरं अशी बाहेर शिकू लागली तर आत कुणाचे १६ तास उरतील?

मिळवलेली क्रेडिट जिथं जमा होतात त्या क्रेडिट बँकेचं खातं तेवढं काढून ठेवा. पीककर्ज न मागणारी बँक पाहून घरच्यांना संशय येईल, पण हरकत नाही. वडिलांनी ‘कामून रे, इतिहासाच्या पोराला फळप्रक्रिया?’ असं विचारलंच, तर ‘बहुविद्याशाखीय’ हा शब्द एका दमात म्हणा आणि मोटार चालू करायला शेताकडं निघा. लाईट आलेली असली तर ते पुढं विचारत नाहीत.

शेवटी फॉर्म. त्यावर पहिली, दुसरी, तिसरी अशा पसंतीच्या तीन ओळी असतात. तिन्ही भरा, वेगवेगळे विषय लिहा, अक्षर सुवाच्य काढा. क्लार्क त्या वाचणार नाही, पण कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती आली की तुम्हाला निवडीचं स्वातंत्र्य दिल्याचा पुरावा म्हणून फाईल तीच निघते.