'से ला वी' नक्की कुणाचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

'से ला वी' या फ्रेंच बोलाने गाण्यांतून आणि चित्रपटांतून कसकसा प्रवास केला यावर मी मागच्या आठवड्यात लिहिले होते. त्या लेखाखाली 'एक जुना वाचक' या सहीने आपण सविस्तर प्रतिक्रिया दिली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपले म्हणणे असे की 'हेच आयुष्य, दुसरे काय' या अर्थाचा हा बोल फ्रेंच माणूस तोंडातून काढतच नाही, तो 'इंग्रजीवाल्यांनी फ्रेंचांच्या नावावर खपवलेला माल' आहे. मी दिलेली उदाहरणे इंग्लंड-अमेरिकेतली आहेत हाच त्याचा पुरावा. अशा दैववादी, गंभीर उद्गाराला नाचगाण्यात बसवणे हा त्याचा अपमान आहे. मी केलेले 'से ला व्ही' हे लेखन अशुद्ध आहे. मराठीत 'चालायचंच' असताना हे फ्रेंच लोणचे कशाला. आणि अखेरीस, 'चार दिवस परदेशात राहून आलेल्या ताईंनी आधी अभ्यास वाढवावा!!!'

मतभेदाचे मला वावडे नाही. या पानावर माझ्याशी असहमत असणारे कितीतरी लोक वर्षानुवर्षे लिहीत आले आहेत, आणि त्यांतल्या काहींमुळे माझे लेखन सुधारले आहे, हे मी मागेही सांगितले आहे. परंतु मतभेद मांडण्याची एक रीत असते. एका वाक्याला तीन उद्गारचिन्हे जोडल्याने मुद्द्याचे वजन वाढत नाही. 'अभ्यास वाढवावा' असे ज्याला दुसऱ्याला सांगायचे आहे, त्याने निदान स्वतःचे नाव तरी खाली घालावे, म्हणजे त्याचा अभ्यास किती हेही वाचकांना कळेल. मला ताई म्हटल्याबद्दल तक्रार नाही. ज्या सुरात म्हटले त्याबद्दल आहे. जुना वाचक असणे ही आनंदाची गोष्ट आहे, पण तो काही लेखकाला दटावण्याचा परवाना नव्हे.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य करते. मूळ उच्चाराला 'व्ही'पेक्षा 'वी' जवळचे आहे. इंग्रजी अक्षरांच्या सवयीने आपल्या वर्तमानपत्रांत 'व्ही' रुळले आणि मीही तेच लिहीत आले. या उत्तरात मी 'वी' वापरले आहे आणि मूळ लेखातही तसा बदल करून ठेवला आहे. आपण लक्षात आणून दिलेत, आभार.

आता त्या एका वाक्याकडे वळते, कारण आपली सगळी इमारत त्याच्यावरच उभी आहे: फ्रेंच माणूस हे बोलत नाही. हे आपण कशाच्या आधारावर लिहिलेत? मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले, पुढे ती शिकवली, आणि मधली काही वर्षे फ्रान्समधल्या ल्यों शहरात, क्रुआ-रूसच्या चढावर, रेशमाच्या मागांसाठी बांधलेल्या उंच छताच्या एका जुन्या घरात भाड्याने राहिले. याला आपण 'चार दिवस' म्हणता, म्हणा बापडे. माझी घरमालकीण दर उन्हाळ्यात मिराबेल नावाच्या बारक्या पिवळ्या आलुबुखारांचा जॅम तांब्याच्या पातेल्यात घालत असे. एकदा माझ्याशी बोलण्याच्या नादात तिचा जॅम तळाला लागला. वास येताच तिने पातेले उतरवले, लाकडी उलथण्याने तळ खरवडला, काळी पडलेली खरवड बाजूला काढली, खांदे उडवून 'एह बाँ, से ला वी' ('बरं तर, से ला वी') म्हणाली आणि वरचा चांगला भाग बरण्यांत भरायला लागली. खरवडलेले तिने पावाला लावून मलाही दिले. तिने हा बोल कुठल्या अमेरिकी गाण्यातून उचलला होता, हे आपणच सांगावे. तिच्या घरात रेडिओ होता, पण त्यावर ती हवामान आणि मृत्युवार्ता यांपलीकडे काही ऐकत नसे.

याच बाईच्या बहिणीचे निधन झाले तेव्हा भेटायला आलेल्यांपैकी एकाच्याही तोंडून मी 'से ला वी' ऐकले नाही. जळलेला जॅम, चुकलेली बस, संपामुळे रद्द झालेली सहल, हातातून निसटलेली बढती, ही त्या बोलाची खरी जागा. मोठ्या दुःखात तो कुणी काढला तर कोरडेपणाचा वाटतो. आपण ज्याला 'दैववादी, गंभीर उद्गार' म्हणता तो प्रत्यक्षात पुष्कळदा इतका हलका असतो, आणि म्हणूनच गाण्यात सहज मावतो. शिवाय एक कोडे मला उलगडलेले नाही. जो बोल फ्रेंच बोलतच नाहीत, त्याचा नाचगाण्यात अपमान होतो, तो नेमका कुणाचा? ही दोन्ही विधाने आपल्या एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी आहेत.

'अमेरिकी उदाहरणे' या शिक्क्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण आपण ज्या उदाहरणाची चेष्टा केलीत तेच आपल्या विरुद्ध जाते. अमेरिकी रॉक अँड रोल गायक चक बेरी यांचे 'यू नेव्हर कॅन टेल' हे गाणे १९६४ मध्ये आले. बेरी यांनी ते लिहिले तेव्हा ते मिझुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डच्या तुरुंगात शिक्षा भोगत होते. गाण्यात एक कोवळे जोडपे लग्न करते. नवऱ्याचे नाव प्येर. दोघे भाड्याच्या जागेत संसार थाटतात, शीतकपाट तयार जेवणाच्या डब्यांनी आणि जिंजर एलने भरतात, प्येरला नोकरी लागते, मग घरात सातशे तबकड्या येतात, लालचुटूक जुनी मोटार येते, आणि लग्नाच्या वाढदिवसाला ते त्या मोटारीतून न्यू ऑर्लिन्सला जातात. प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'से ला वी' येते. पण ते कुणाच्या तोंडी? जोडप्याच्या नाही, गायकाच्याही नाही. ते म्हणतात गावातली म्हातारी माणसे.

ही म्हातारी माणसे कोण, याचा विचार आपण केला असता तर एवढी लांबलचक प्रतिक्रिया लिहिण्याचे आपले कष्ट वाचले असते. न्यू ऑर्लिन्स ज्या राज्यात आहे तो लुइझियाना हा फ्रान्सचा मुलूख होता, आणि नेपोलियनने तो अमेरिकेला विकला १८०३ मध्ये. मालक बदलला म्हणून माणसांची जीभ बदलली नाही. दक्षिण लुइझियानात घरोघर फ्रेंच चालत राहिली, गोऱ्या केजन (कॅनडातून आलेल्या फ्रेंचांच्या वंशजांच्या) कुटुंबांत आणि काळ्या क्रिओल कुटुंबांतही. १९२१ च्या राज्यघटनेने शाळांत इंग्रजीची सक्ती केली, त्यानंतरच्या पिढीतल्या मुलांना शाळेच्या आवारात फ्रेंच बोलल्याबद्दल शिक्षा झाल्या, आणि त्यांनी मोठे झाल्यावर आपल्या मुलांशी फ्रेंच बोलणे सोडून दिले. १९६४ मध्ये तिथे जी माणसे म्हातारी होती ती या सक्तीच्या आधी वाढलेली. त्यांच्या तोंडी 'से ला वी' हा इंग्रजीवर वरून घातलेला दागिना नव्हता. शाळेने जे पुसायला घेतले होते त्यातले ते उरलेले होते. फ्रेंच टिकवण्यासाठी राज्याने सरकारी परिषद नेमली ती १९६८ मध्ये, म्हणजे गाणे आल्यानंतर चार वर्षांनी. बेरी स्वतः लुइझियानाचे नव्हेत, सेंट लुइसचे. पण ते शहरही फ्रेंच व्यापाऱ्यांनीच १७६४ मध्ये वसवलेले आहे. गाण्याच्या बरोबर दोनशे वर्षे आधी, हा निव्वळ योगायोग.

आणि ती म्हातारी माणसे सुस्कारा टाकत नाहीत, हेही ऐकून पाहावे. पोरांचा संसार टिकेल असे त्यांना वाटले नव्हते. तो टिकला, उलट बहरला, आणि म्हणून ते म्हणतात की काही सांगता येत नाही बुवा. हार मानण्याचा सूर तिथे नाही. आपला अंदाज चुकल्याची गंमत आहे. जॉनी जॉन्सन यांचा पियानो गाण्यात ज्या उड्या मारतो त्या ऐकूनही ज्याला दैववाद ऐकू येतो, त्याच्याशी वाद घालणे मला तरी जमणार नाही.

याच गाण्यावर 'पल्प फिक्शन'मध्ये जॉन ट्रॅव्होल्टा आणि उमा थर्मन नाचतात, तो मोजे आणि अनवाणी पायांवरचा ट्विस्ट, आणि आपल्या मते 'तिथे या बोलाचे वाटोळे झाले'. तो चित्रपट १९९४ चा. त्याला कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले, म्हणजे फ्रान्समध्ये. त्याच चित्रपटात सुरुवातीला पॅरिसमधल्या बर्गरच्या फ्रेंच नावावर दोन गुंड गाडीत बसून मिनिटेच्या मिनिटे गप्पा मारतात. अमेरिकी माणसाला फ्रेंच शब्दांची किती मौज वाटते, याची जाणीव दिग्दर्शकाला पुरेपूर होती. याहून जास्त या मुद्द्यावर लिहिण्यासारखे काही नाही.

'एका तरी फ्रेंच कलावंताने हा बोल वापरल्याचे दाखवावे' असे आव्हान आपण दिले आहे. आव्हान देण्याआधी मूळ लेखाचा शेवटचा भाग वाचला असतात तर बरे झाले असते, कारण ते नाव तिथेच आहे: मार्सेल द्युशाँ. नॉर्मंडीत १८८७ मध्ये जन्मलेल्या या माणसाने १९२० मध्ये स्वतःसाठी एक स्त्रीरूप निर्माण केले आणि तिला रोझ सेलावी असे नाव दिले. आडनाव भरभर उच्चारून पाहावे, दुसरे काही करावे लागत नाही. पुढच्या वर्षी चित्रकार फ्रान्सिस पिकाबियाच्या एका कॅनव्हासवर मित्रमंडळी सह्या करत होती. तिथे द्युशाँने पहिल्या नावात आणखी एक 'र' घातला, म्हणजे वाचताना 'एरोस, से ला वी', कामदेव हेच आयुष्य, असे ऐकू यावे. छायाचित्रकार मॅन रे याने या रोझचे फोटो काढले आहेत: टोपी कपाळापर्यंत ओढलेली, गळ्याशी केसाळ कॉलर, ओठ रंगवलेले, आणि नजर अशी की समोरच्याला आपण हसावे की नमस्कार करावा हे कळू नये. त्यांतला एक फोटो द्युशाँने अत्तराच्या बाटलीवर चिकटवला. ती बाटली २००९ मध्ये पॅरिसच्या लिलावात ऐंशी लाख युरोंहून अधिक किमतीला गेली. विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रभावी कलावंतांपैकी एकाने, तोही अस्सल फ्रेंच, हा बोल आडनाव म्हणून अंगावर घातला. तो कुणी बोलतच नसता तर ती कोटी पॅरिसमध्ये कुणाला कळली असती?

आणखी हवे असेल तर फ्रेंच गायक जॉनी अ‍ॅलिडे आहेत. ब्रिटिश बँड 'इमर्सन, लेक अँड पामर'ने १९७७ मध्ये 'से ला वी' नावाचे गाणे केले, ते त्याच वर्षी अ‍ॅलिडे यांनी फ्रेंचमध्ये गायले, आणि फ्रेंच श्रोत्यांनी 'हा आमचा माल नव्हे' म्हणून परत केले नाही. अल्जीरियातल्या ओराँमध्ये जन्मलेल्या खालेदचे याच नावाचे गाणे २०१२ चे, फ्रेंच आणि अरबी मिश्र. तेच खालेद, ज्यांच्या 'दीदी'वर नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या वरातीही नाचल्या. त्या गाण्यातही प्रेम करू, नाचू, असाच सूर आहे. रॉबी नेव्हिल, 'बीविच्ड' वगैरेंची गाणी निव्वळ सजावटीसाठी हा बोल वापरतात असे आपण म्हणता, ते असेल. सगळ्या गाण्यांची वकिली मी घेतलेली नाही.

खरे तर आपल्या बाजूने एक चांगला पुरावा होता, आणि तो आपल्याला सापडला नाही. २०१७ मध्ये तोलेदानो आणि नाकाश या दिग्दर्शकांनी लग्नसमारंभाच्या एका रात्रीतल्या गोंधळावर चित्रपट काढला. झाँ-प्येर बाक्री त्यात समारंभाचा कंत्राटदार आहेत. फ्रान्समध्ये त्याचे नाव 'ल साँस द ला फेत' असे आहे. इंग्रजी मुलखात मात्र तो 'से ला वी!' या नावाने प्रदर्शित झाला. १९९० च्या दियान क्युरिस यांच्या चित्रपटाचेही असेच झाले; मूळ नाव एका समुद्रकाठच्या गावाचे, आणि बाहेर नेताना पाटी 'से ला वी'ची. फ्रेंच चित्रपटाला इंग्रजीभाषकांसाठी दुसरे फ्रेंच नाव द्यावे लागते, ही गोष्ट मजेदार आहे, आणि 'फ्रेंचांच्या नावावर खपवलेला माल' हे आपले शब्द इथे, फक्त इथे, चपखल बसले असते. पण यावरून एवढेच निघते की वितरकांना परक्यांच्या ओळखीचे नाव हवे होते. घरात तो बोल चालत नाही, हे यातून सिद्ध होत नाही. या बाबतीत आपणही काही सोवळे नाही. 'ऊ लाला' २०११ पासून मराठी लग्नांच्या हॉलांत वाजते आहे आणि ते ऐकून कुठल्या फ्रेंच माणसाने तक्रार केल्याचे माझ्या कानावर नाही.

'चालायचंच' विषयी आपण जे लिहिले आहे त्याच्याशी माझे भांडण नाही. तो बोल मलाही आवडतो, रोज वापरते, पण माझा लेख त्यावर नव्हता. शीर्षक उथळ होते, लेख लांब होता, फोटो धूसर होता, या तक्रारी नोंदवून घेतल्या. लेख काढून टाकावा ही सूचना मात्र मान्य नाही. तो तिथेच राहील, आपली प्रतिक्रियाही राहील, तिच्यातल्या उद्गारचिन्हांसकट. पुढे काही लिहायचे असेल तर नावानिशी लिहावे, आणि लुइझियानाबद्दल लिहावे. त्या मुद्द्यावर आपले मत काय आहे, हे जाणून घ्यायला मला मनापासून आवडेल.