शंभर मेगापिक्सेलची यादी आणि आमचं खारं वारं

गेले काही दिवस रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या फोटोग्राफरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. पुढच्या पिढीच्या प्रोफेशनल कॅमेऱ्यात काय हवं, याची ती यादी आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: शंभर मेगापिक्सेल हवेत. आयएसओ, म्हणजे कमी उजेडातही फोटो उजळ करणारी कॅमेऱ्यातली सोय, इतका वाढेल की फ्लॅश विकून टाका. वेदर सीलिंग, म्हणजे पाणी-धूळ आत जाऊ नये म्हणून फटी बंद करणं, आलंय, तेव्हा पाऊस आणि समुद्राची चिंता मिटली. ८के, म्हणजे फार बारीक तपशिलाचा व्हिडिओ, आणि सेकंदाला १२० फ्रेम नसतील तो कॅमेरा प्रोफेशनल नव्हे. एआय फोकस चुकतच नाही. आणि बॅटरी, कार्ड, दुरुस्ती वगैरे जुन्या लोकांचे हट्ट आहेत.

मी दापोलीकडे बावीस वर्षं हे काम करतोय. लग्नं, शिमगा, हर्णैच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव, वर्तमानपत्रांसाठी वादळ आणि पूर. हा मेसेज वाचून दोन मुलं कॅमेरा कुठला घ्यावा ते विचारायला आली, त्यातल्या एकाने कर्जाचा अर्जही भरून ठेवला होता. त्याचे पैसे चुकीच्या जागी जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

‘शंभर मेगापिक्सेल हवेत’

फुजीफिल्मने १०२ मेगापिक्सेलचा कॅमेरा २०१९ मध्येच बाजारात आणला, त्यामुळे ही पुढच्या पिढीची गोष्ट उरलेलीच नाही. उलट कॅननने २०२४ मध्ये आपल्या सगळ्यात वरच्या ईओएस आर१ मध्ये २४ मेगापिक्सेलच ठेवले. वेगाने, रोज, न थांबता काम करणाऱ्या माणसाला काय लागतं, याचा विचार त्यामागे आहे.

आपल्या अल्बमचं गणित करू. १२ बाय १८ इंचाचं पान, इंचाला ३०० ठिपके, म्हणजे ३६०० गुणिले ५४००. दोन कोटींच्या आतच पिक्सेल झाले, २४ मेगापिक्सेलमध्ये बसून वर उरतात. १२ बाय ३६ च्या उघड्या पानावर एकच फोटो ताणायचा असेल तर ४५ बरे पडतात, हे मान्य. पण पिक्सेल चौपट केले तरी ते लांबी-रुंदीत वाटले जातात आणि बारकावा फार तर दुप्पट होतो. डेटा मात्र पुरता चौपट. १४ बिटची न आवळलेली रॉ फाइल (कॅमेऱ्यातला कच्चा फोटो) २४ मेगापिक्सेलला साधारण ४२ एमबी होते, शंभरला १७५. एका लग्नाचे तीन हजार फोटो धरले तर १२६ जीबीच्या जागी ५२५ जीबी. त्याच्या दोन प्रती ठेवायच्या, आणि मे महिन्यात अशी बारा-पंधरा लग्नं.

‘आयएसओ वाढेल, फ्लॅश विकून टाका’

फोटोतला दाणेदारपणा सगळाच सेन्सरमधून, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपमधून, येतो असं नाही. प्रकाश कणाकणाने येतो आणि ते कण कमी असले की त्यांची विरळता चित्रात दिसते. तो दोष निम्मा करायचा तर चौपट प्रकाश लागतो. आजचे चांगले सेन्सर आपल्यावर पडलेल्या कणांपैकी निम्मे तरी पकडतातच. उद्या एखाद्याने सगळेच्या सगळे पकडले तरी फायदा एका स्टॉपच्या, म्हणजे दुप्पट उजेडाच्या, आतबाहेरचा. आयएसओचा आकडा जाहिरातीत कितीही वर जाईल, भौतिकशास्त्र त्याच्याबरोबर वर जात नाही.

या मुद्द्यात एक गोष्ट खरी आहे. वेळासला किंवा आंजर्ल्याला कासवाची पिल्लं पहाटे समुद्रात सोडतात तेव्हा फ्लॅश चालत नाही आणि चालू नयेच, कारण कृत्रिम उजेडाने पिल्लं वाट चुकतात. तिथे आजच्या सेन्सरने आणि आवाज न करणाऱ्या शटरने आम्हाला जे फोटो दिले ते वीस वर्षांपूर्वी शक्यच नव्हते. मी त्याबद्दल कृतज्ञ आहे.

पण फ्लॅश अंधारासाठीच असतो हा समज काढून टाका. लग्नाच्या मांडवाला लाल-पिवळं कापड असतं, त्यातून गाळून आलेला उजेड नवरीच्या चेहऱ्यावर पडतो. आयएसओ वाढवला की तोच बिघडलेला रंग अधिक उजळ दिसतो. रंग सुधारायचा तर स्वच्छ प्रकाश बाहेरूनच द्यावा लागतो. आणि गुहागरच्या वाळूवर दुपारी बाराला जोडप्याचे फोटो काढून बघा. कडक उन्हात आयएसओ १०० आणि अॅपर्चर (लेन्सचं भोक) मोठं, एफ २.८ ठेवलं तर शटर सेकंदाच्या १/३२०० इतकं वेगवान लागतं. साधारण कॅमेऱ्याचा फ्लॅश १/२०० किंवा १/२५० च्या पुढे जुळत नाही. हाय-स्पीड सिंक, म्हणजे वेगवान शटरलाही फ्लॅश जुळवायची सोय, वापरावं तर फ्लॅशची निम्म्याहून जास्त ताकद वाया जाते, आणि डोळ्यांखालच्या काळ्या सावल्या तशाच राहतात. आयएसओ जितका खाली, तितकं शटर हळू ठेवता येतं. म्हणजे आम्हाला आयएसओ वर नको, खाली हवा. निकॉनने डी८५० मध्ये २०१७ साली ६४ दिला होता. २५ किंवा १२ मिळाला तर किनाऱ्यावर काम करणारा माणूस आशीर्वाद देईल. यादी लिहिणाऱ्याने भर दुपारच्या वाळूवर काम केलेलं नसावं.

‘वेदर सीलिंग आहे, चिंता मिटली’

यादीतलं हे वाक्य सगळ्यात घातक आहे, म्हणून इथे थांबून सांगतो.

कॅमेऱ्यासोबत आलेलं पुस्तक काढा आणि शेवटच्या पानांत कामाच्या वातावरणाची ओळ शोधा. बड्या कंपन्यांच्या बहुतेक प्रोफेशनल कॅमेऱ्यांना तिथे तापमान ४० अंशांपर्यंत आणि आर्द्रता ८५ टक्के किंवा कमी असं छापलेलं असतं. आपल्याकडे मिरग लागला की गणपतीपर्यंत हवा कितीतरी दिवस ८५ च्या वर असते. म्हणजे कॅमेरा बनवणाऱ्याच्या हिशेबात आपला अख्खा पावसाळा बसतच नाही.

मग मीठ. स्वयंपाकघरातल्या बरणीत मीठ पावसाळ्यात पाणी सोडतं ते सगळ्यांनी पाहिलंय. शुद्ध मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला हवेतूनच पाणी ओढून विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते त्याच्याही आधी ओले होतात. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना उडालेला तुषार डायलच्या फटीत वाळतो, वरून कोरडा दिसतो आणि रात्री पुन्हा ओला होतो. पाऊस एकदा पडून जातो. मीठ तिथेच राहून रोज रात्री आपलं काम करतं. माझ्या एका कॅमेऱ्याच्या बॉडीवर पावसाचा थेंब पडला नव्हता, तरी आतला बोर्ड हिरवा झाला. सर्व्हिस सेंटरने ‘द्रवाने झालेलं नुकसान’ असं लिहून वॉरंटी नाकारली आणि सुट्या भागाऐवजी पूर्ण बोर्डाची किंमत सांगितली. तेवढ्यात जुनी बॉडी आली असती.

सीलिंग म्हणजे काय तेही पाहा. फटींवर रबराच्या कडा आणि लेन्सच्या मागे एक पातळ रबरी रिंग. रबर उन्हाने आणि वयाने कडक होतं, आणि ते कधी बदलायचं हे कोणी सांगत नाही. लांब-आखूड होणारी झूम लेन्स प्रत्येक वेळी बाहेरची हवा आत ओढते, तिच्याबरोबर दमटपणा आणि बुरशीचे बीजाणूही. बहुतेक कंपन्या ‘हवामान-रोधक’ म्हणतात, पण किती ते आकड्यात सांगत नाहीत. ओएम सिस्टिमने २०२२ च्या ओएम-१ ला आयपी५३ असा धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा छापला, ही स्वागताची गोष्ट. मात्र त्यातला ३ म्हणजे वरून आणि तिरका येणारा फवारा, तोही गोड्या पाण्याचा. लाट त्यात येत नाही.

हे जमत नाही असं कोणी म्हणू नये. निकॉनचा निकॉनॉस हा फिल्म कॅमेरा १९६३ पासून २००१ पर्यंत बनत होता. तो वेगळ्या पेटीशिवाय थेट पाण्याखाली चालायचा. त्याच्या ओ-रिंगला (गोल रबरी रिंगला) वापरणारा स्वतः ग्रीस लावायचा, जीर्ण झाली की स्वतः बदलायचा. तारकर्लीला पर्यटकांना पाण्याखाली नेणारे आजही आपल्या साधनांच्या ओ-रिंगची तशीच काळजी घेतात. प्रोफेशनल कॅमेऱ्यात मला हेच हवंय: माउंटची (लेन्स बसते त्या जागेची) आणि बॅटरीच्या दाराची रबरी रिंग शंभर-दोनशे रुपयांत मिळावी आणि घरी बदलता यावी. दर्जा आकड्यात छापलेला असावा, खाऱ्या पाण्यासाठी वेगळा. आत आर्द्रता मोजणारा छोटा सेन्सर असावा, म्हणजे बुरशी धरण्याआधी पडद्यावर इशारा येईल. लेन्स बदलताना मिररलेसचा, म्हणजे आत आरसा नसलेल्या आजच्या कॅमेऱ्याचा, सेन्सर उघडा पडतो. कॅननने २०१८ च्या ईओएस आर मध्ये बंद केल्यावर शटरने तो झाकला, निकॉनच्या झेड९ मध्ये त्यासाठी वेगळा पडदाच आहे. हे सगळीकडे यावं.

तोवर माझी रीत सांगतो. बंदरावरून आल्यावर आधी गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचं, मग कोरड्याने. कोरड्या फडक्याने सुरुवात केली तर मीठ काचेवर घासलं जातं. मग हवाबंद डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलबरोबर. चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत पावसाळाभर काहीही ठेवू नका.

‘८के आणि १२० फ्रेम’

८के बद्दल एकच आठवण. कॅननने २०२० मध्ये ईओएस आर५ आणला तेव्हा ८के चित्रण सुमारे वीस मिनिटं चालेल असं स्वतःच सांगितलं होतं, तेही २३ अंश तापमानाला. मे महिन्यात आमच्या मांडवात २३ अंश कुठून आणायचे?

१२० फ्रेमचा मुद्दा वेगळा आहे. त्यात आकडा मोठा दिसतो आणि कामाची गोष्ट मागे राहते. सिंधुदुर्गात रात्रभर चालणारा दशावतार आता एलईडीच्या उजेडात होतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावरचे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. मंद केलेले रंगीत एलईडी त्याहून कितीतरी वेगाने. इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचतं, आणि राजपार्टाच्या (राजाची भूमिका करणाऱ्याच्या) चेहऱ्यावर आडवे काळे पट्टे उमटतात. मग सेकंदाला १२० फोटो काढले तर १२० पट्टेवाले फोटो मिळतात. सोनीने २०२३ च्या ए९ III मध्ये ग्लोबल शटर दिलं. पूर्ण सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो, पट्टे जातात आणि फ्लॅश कुठल्याही वेगाला जुळतो. वर सांगितलेली गुहागरच्या दुपारची अडचण याने सुटते. त्याची किंमत म्हणजे सगळ्यात खालचा आयएसओ २५०. ग्लोबल शटर आणि खालचा आयएसओ एकत्र द्या, फ्रेम वीस असल्या तरी चालतील.

‘एआय फोकस चुकत नाही’

माणूस, पक्षी, मोटार, विमान ओळखतो, आणि छान ओळखतो. हर्णैच्या जेट्टीवर घारीच्या डोळ्यावर तो जसा बसतो तसा माझा हात कधीच बसला नसता. पण शिमग्याला संकासुर येऊ द्या. अंगभर काळं, तोंड झाकलेलं, डोक्यावर उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी. कॅमेरा डोळा शोधत राहतो, सापडत नाही, आणि मागे उभ्या असलेल्या पोराच्या चेहऱ्यावर जाऊन बसतो. पालखी नाचवताना देवाच्या रुप्यांवर (चांदीच्या मुखवट्यांवर) फोकस हवा असतो, तेव्हा तो खांद्याखालच्या माणसाचा चेहरा धरतो. यंत्राचा यात दोष नाही. त्याला शिकवलं गेलं ते चित्रांतून, आणि त्या चित्रांत आमची सहाण आणि आमचा मांड, म्हणजे आमच्या उत्सवाच्या जागा, फारशा नसाव्यात.

काही कॅमेऱ्यांत आता ठरावीक माणसांचे चेहरे नोंदवून ठेवता येतात. ती सोय पुढे न्यावी. मला माझ्या कॅमेऱ्याला वीस-पंचवीस फोटो दाखवून ‘हा संकासुर, ही पालखी’ असं शिकवता आलं पाहिजे.

‘बॅटरी, कार्ड, दुरुस्ती हे जुने हट्ट’

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं. दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत पुढे कितीतरी आठवडे वीज नव्हती. माझा फोन गाडीच्या सॉकेटवर चार्ज होत होता. कॅमेरा ठणठणीत, पण त्याचा चार्जर फक्त भिंतीतल्या विजेवर चालणारा, आणि तिसऱ्या दिवशी तिन्ही बॅटऱ्या संपल्या. आडवी झालेली माडा-पोफळीची बागाईत मी त्यानंतर फोनवर टिपली. आता बरेच कॅमेरे पॉवर बँकेवर चार्ज होतात, ही माझ्या दृष्टीने मेगापिक्सेलपेक्षा मोठी सुधारणा आहे. दोन कार्डं तर हवीतच. लग्न पुन्हा लावता येत नाही.

या यादीत एक गोष्ट नाहीच, आणि ती नसल्याचं मला सगळ्यात जास्त वाटलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं. ओसरल्यावर मी बाजारपेठेत एका शिंप्याच्या दुकानाचे फोटो काढले, कारण चिखलाने भरलेली यंत्रं तो लगेच धुवायला घेणार होता आणि पंचनाम्याला कोणी आलं नव्हतं. पुढे तेच फोटो घेऊन तो एका कचेरीत गेला, तेव्हा त्याला विचारलं गेलं की हे फोटो त्याच दिवसाचे, त्याच दुकानाचे कशावरून? फाइलमधली तारीख फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने बदलता येते, म्हणून प्रश्न चुकीचा नव्हता. लायकाने २०२३ च्या एम११-पी मध्ये फोटो काढतानाच त्यावर डिजिटल सही करायची सोय दिली. तो फोटो नंतर कोणी बदलला तर ते कळतं. लायका आमच्यापैकी कोणाला परवडणारा नाही. तीच सही, वेळ आणि ठिकाणासह, मधल्या किमतीच्या प्रत्येक कॅमेऱ्यात हवी. त्या शिंप्यासाठी मी शेवटी शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र लिहून दिलं.