दोन वीकेंडमध्ये आउटबोर्ड? आधी ट्रान्सम ठोकून तरी बघा

जुनी स्टर्नड्राइव्ह बोट (इंजिन आत, प्रोपेलरचा पाय मागच्या भिंतीतल्या भोकातून बाहेर) घ्या, आतलं इंजिन बाहेर काढा, मागच्या भोकात प्लायवूड बसवा, वर आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लटकणारं इंजिन, टांगा आणि निघा. ‘घरच्या घरी, फक्त दोन वीकेंड!’ असा एक व्हिडिओ सध्या सगळीकडे फिरतोय. परवा तो माझ्या मेव्हण्याने पाठवला आणि खाली विचारलं, ‘दाजी, करूया का?’ त्याच्याकडे तशीच बोट आहे आणि ग्राइंडरही आहे, त्यामुळे हसण्यावारी नेऊन चालणार नाही.

सगळ्यात घातक मुद्दा आधी घेतो. ‘ट्रान्समला (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीला) इंजिनाचा जोर सोसायची सवय असतेच, भोक बुजवलं की काम झालं.’ यातलं अर्धं खरं आहे, ते मान्य करून टाकतो. स्टर्नड्राइव्हचा रेटा ट्रान्समवरच येतो. मर्क्रूझर (स्टर्नड्राइव्हचा एक ब्रँड) बसवायला ही भिंत साधारण ५१ ते ५७ मिलिमीटर जाड लागते आणि आउटबोर्डलाही साधारण तेवढी जाडी चालते. पण जाडीवर सगळं ठरत नाही. स्टर्नड्राइव्हचा रेटा खाली, तळाजवळ येतो आणि इंजिनाच्या पुढच्या बाजूचं वजन स्ट्रिंगरवर, म्हणजे तळातल्या लांब तुळयांवर, बसलेलं असतं. आउटबोर्डचं सगळंच्या सगळं वजन भिंतीच्या मागे लोंबकळतं. जड दार जसं वरची बिजागरी उपटायला बघतं, तसे वरचे बोल्ट मागे ओढले जातात आणि खालची कड आत रुतते. थ्रॉटल दिला की प्रोपेलर खालून पुढे ढकलतो आणि हीच ओढ वाढते. लाटेवर बोट आपटली की आणखी वाढते.

आणि हा सगळा भार व्हिडिओतला गडी कुठे देतो? बरोबर मधोमध, जिथे काल भलंमोठं भोक होतं! भोकाच्या मापाचा तुकडा कापला, कडेने पुट्टी भरली, आतून-बाहेरून फायबरच्या मॅटचा एकेक थर दिला आणि वर रंग. दिसायला झकास. पण तो तुकडा भिंतीचा भाग झालेलाच नसतो, नुसता भोकात अडकलेला असतो. नीट करायचं तर कडेच्या फायबरला १२ ला १ असा उतार द्यावा लागतो. फायबर ६ मिलिमीटर जाड असेल तर ७२ मिलिमीटर आतपर्यंत घासायचं, तेही भोकाच्या चहूबाजूंनी, आणि मग त्यावर मोठे होत जाणारे थर चढवायचे. नंतर आतून त्रिकोणी आधार देऊन भिंत स्ट्रिंगरशी बांधायची. व्हिडिओत यातलं काही नाही.

शिवाय आतलं लाकूड धड आहे का, हे कुणी बघितलं? ट्रान्समच्या पोटात बहुधा प्लायवूड असतं आणि अशा भोकांच्या कडेने पाणी वर्षानुवर्षं झिरपत राहतं. हातोडीच्या मुठीने ठोकून बघा, आवाज बद्द आला की संशय धरा. मग आतल्या बाजूने, बाहेरचा थर न फोडता, एक बारीक भोक पाडा. ड्रिलला फिकट, कोरडा भुसा आला तर नशीब. काळपट, ओला, आंबूस वासाचा चोथा आला तर तुकडा बसवण्याचा विषय संपला, अख्खा गाभा बदला. भोक नंतर बुजवता येतं.

दुसरा दावा: ‘तेवढ्याच हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड लावा.’ इथे अमेरिकन कोस्ट गार्डच्या नियमांचा भाग १८३ वाचण्यासारखा आहे. हे नियम उत्पादकांसाठी आहेत, तुम्हाला कुणी पकडायला येणार नाही, पण हिशोब तिथे चोख मांडलाय. २० फुटांखालच्या आउटबोर्ड बोटीची लांबी आणि ट्रान्समची रुंदी फुटांत घेऊन गुणायची, दुप्पट करायची, ९० वजा करायचे. रिमोट स्टीअरिंग (इंजिन दुरून चाकाने वळवायची सोय) आणि किमान २० इंच उंच ट्रान्सम असेल तरच हे सूत्र. १८ फूट लांब, ७ फूट रुंद बोटीला १६२ येतात, पाचाच्या पटीत १६५. त्याच बोटीत आधी २२०चं व्ही-८ असेल तर ‘तेवढंच’ म्हणजे किती जास्त झालं ते बघा. स्टर्नड्राइव्ह बोटीच्या क्षमतेच्या पाटीवर हॉर्सपॉवरचा आकडाच नसतो, त्यामुळे तिथे उत्तर सापडणार नाही.

त्याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे, जी एकही व्हिडिओवाला सांगत नाही. पाणी भरल्यावर स्टर्नड्राइव्ह बोटीचा काही भाग पाण्यावर राहिला तरी ती पास होते. दोन हॉर्सपॉवरवरच्या आउटबोर्ड बोटीला मात्र माणसांसकट जवळपास सपाट तरंगावं लागतं. तुमच्या बोटीतला तरंगत ठेवणारा फोम पहिल्या हिशोबाने भरलेला आहे.

‘आउटबोर्ड हलकं, म्हणून मागचा भाग वर येतो.’ हलकं असतं, खरंय. पण ते बसतं कुठे? धरा, जुना ४०० किलोचा संच बोटीच्या तोलाच्या बिंदूपासून १.७ मीटर मागे होता: वजन गुणिले अंतर, ६८०. आता ब्रॅकेटवरचं (ट्रान्समच्या मागे बसवलेल्या चौकटीवरचं) २२५ किलोचं इंजिन ३.४ मीटर मागे: ७६५. शिवाय ५० किलोचा ब्रॅकेट २.८ मीटरवर: आणखी १४०. वजन सव्वाशे किलोने घटलं आणि मागचा दाब एक तृतीयांशाने वाढला! ब्रॅकेटला तरंगणारी टाकी असेल तर थोडा दिलासा मिळतो. काहीही कापण्याआधी धक्क्याला बांधलेल्या बोटीच्या स्विम प्लॅटफॉर्मवर दोन-तीन माणसं उभी करा आणि डेकचं पाणी जाणारी भोकं पाण्याखाली जातात का ते बघा. फुकटात होणारी तपासणी आहे.

बाकीचं पटकन. ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या खणातली वाफ बाहेर फेकणारा पंखा, काढून टाका म्हणे. इंजिन गेल्यावर त्याची सक्ती उरत नाही हे बरोबर, पण पेट्रोलची टाकी खालीच आहे, वाफ जड असते आणि तळातलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाच्या वायरी तिथेच आहेत. राहू द्या की! जुन्या पॉवर स्टीअरिंगचा पंप इंजिनासोबतच गेला, म्हणजे हायड्रॉलिक स्टीअरिंगचा खर्च आलाच. आणि दोन वीकेंड? रेझिनचे जाड थर एका दमात चढवले तर ते तापून तडकतात, म्हणून थांबत थांबत चढवावे लागतात.

भोकातून पाणी आत येऊ न देणारे रबरी बेलोज फाटून बोट बुडायची भीती जाते, खाऱ्या पाण्याने इंजिनाचा धूर बाहेर नेणारं मॅनिफोल्ड गंजायचं थांबतं, इंजिन उचलून पाण्याबाहेर ठेवता येतं. त्या व्हिडिओतला हा एवढा भाग सोळा आणे खरा आहे.