चिठ्ठी सापडली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला?

मटक्याच्या किंवा बोगस लॉटरीच्या अड्ड्यावर छापा पडल्याची बातमी आली की एक मजकूर हमखास फिरतो: 'चिठ्ठ्या आणि रोकड सापडते, आरोपी पोलिसांपुढे कबूल होतो, पंच सह्या करतात, मोबाईलमध्ये सगळं असतं. तरीही सुटतो, म्हणजे कोर्टच मॅनेज!' आरोपी सुटण्याची खरी कारणं या आरडाओरड्यात दडून जातात, आणि त्यात फायदा अड्डेवाल्याचाच होतो.

आधी चिठ्ठी. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ नुसार जुगाराची नोंद असलेला कागदही जुगाराचं साधन ठरतो. शिवाय कलम ७ पोलिसांच्या बाजूचं आहे: अड्ड्यात असं साधन मिळालं, तर उलट सिद्ध होईपर्यंत ती जागा जुगाराची आणि तिथली माणसं जुगारासाठीच आलेली, असं धरता येतं. पण हे गृहीतक कलम ६ प्रमाणे रीतसर घातलेल्या छाप्यापुरतंच आहे. वॉरंट कोणी दिलं, देणाऱ्याला तो अधिकार होता का, याचे कागद नसतील तर त्याचा आधार गेला. रस्त्यावर पकडलेल्या माणसावर कलम १२ लागतं. त्यातही असं गृहीतक आहे, पण सापडलेली वस्तू जुगाराचं साधन असल्याचा पोलिसांचा संशय वाजवी होता, हे आधी न्यायालयाला पटावं लागतं. पंचनाम्यात 'आकडे लिहिलेली चिठ्ठी, बॉलपेन, रोख रक्कम' एवढंच असेल, आकडा लावणारा कोणी साक्षीला नसेल, बनावट गिऱ्हाईक पाठवलेलं नसेल, ओपन (पहिला आकडा) कुठला आणि जोडी (दोन आकड्यांची) कुठली हे साक्षीत कोणी सांगितलं नसेल, अक्षर आरोपीचं आहे का हेही तपासलं नसेल, तर न्यायाधीशांनी शिक्षा कशाच्या जोरावर द्यायची?

लॉटरीच्या बाबतीत याहून मोठी चूक होऊ शकते, ती कलमाची. १८८७ च्या कायद्याने 'जुगार' या व्याख्येतून लॉटरी स्पष्टपणे वगळली आहे. बोगस सोडत नुसत्या जुगाराच्या कलमात बसवली की बचावाच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. लॉटरीसाठी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९७ आहे. सोडत सरकारी नव्हती, तिला राज्य सरकारची परवानगी नव्हती आणि ती काढण्यासाठी जागा ठेवली होती, हे सगळं त्यात दाखवावं लागतं. परवानगी नसल्याचं राज्य लॉटरी कार्यालयाचं लेखी उत्तर तपासातच घेतलं, तर त्या मुद्द्यावर वाद उरत नाही.

पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही; तिच्यातून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्या भागापुरताच अपवाद. पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये हे होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. कोठडीतल्या मारहाणीपासून वाचवणारी ही तरतूद आहे, ती मटकेवाल्यासाठी केलेली सवलत नव्हे.

पंच फितूर झाला की केस पडते, हेही खरं नाही. छापा घालणाऱ्या अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते. मात्र ठाण्याच्या प्रत्येक छाप्यात तोच पंच दिसला, तर त्या साक्षीकडेही संशयाने पाहिलं जातं.

राहिला मोबाईल. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की मूळ उपकरण रीतसर सिद्ध केलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. साक्ष्य अधिनियमात ते कलम ६३ खाली येतं आणि त्यात हॅश व्हॅल्यूही (फाईल बदललेली नाही हे दाखवणारी अंकाक्षरी खूण) द्यावी लागते. व्हॉट्सॲपच्या स्क्रीनशॉटची नुसती प्रिंट त्यामुळे टिकत नाही.

तपास मुद्दाम कच्चा ठेवला जात असेल का? असू शकतो, आणि तो आरोप जरूर करावा. पण निकालपत्र वाचून करावा. ते बहुधा न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर मिळतं. वॉरंट होतं का, झडतीचं चित्रीकरण झालं का (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने ते आता बंधनकारक आहे), प्रमाणपत्र जोडलं होतं का, हे त्यातून कळतं. जे नसेल त्याचा जाब तपास अधिकाऱ्याला नावानिशी आणि लेखी विचारता येतो.