पूरक म्हणे!

आज सकाळी पालकाचा वाफा तिसऱ्यांदा गेला. कीड नाही, रोग नाही, पाऊस नाही. कोंबड्या. चार पानांवर आलेली दोन ओळी रोपं होती, त्यांना मी झारीने पाणी घालत होते, थेंब जोरात पडू नये म्हणून झारीच्या तोंडाला फडकं बांधून. तिथे आता घमेल्याएवढा खड्डा आहे. त्या खड्ड्यात लाल तलंग कुशीवर पडून पंखांत माती भरून घेत होती. मी ओरडले. तिने एक डोळा उघडला, मला पाहिलं आणि परत मिटला.

तर आता मला जरा बोलू द्या.

‘भाजीबाग आणि कोंबड्या एकमेकांना पूरक असतात.’ नवीन घरात राहायला यायच्या आधी हे वाक्य मला किती जणांनी ऐकवलं याची मोजदाद नाही. वर हाताने हवेत गोल काढून दाखवायचा. भाजीचा पाला कोंबड्यांना, कोंबड्यांचं खत भाजीला, किडे कोंबड्या खाणार, अंडी आपण खाणार, झालं चक्र पूर्ण! त्या गोलात मी कुठे आहे ते कुणी दाखवलं नाही. मी मधोमध आहे, कुदळ घेऊन, आणि गोल माझ्याभोवती गरगर फिरतोय.

सुरुवात मातीपासून करू, कारण माझा निम्मा राग तिथेच पुरलेला आहे. नवीन घराच्या मागच्या जागेला माती म्हणू नका. पाया खणताना वरची चांगली काळी माती उचलून कुठे गेली देव जाणे. खालचा मुरूम वर आला. त्यावर सहा महिने गाड्या फिरल्या, सिमेंटच्या गोण्या फुटल्या, गवंड्यांनी थापी-घमेली धुतली, उरलेला राडारोडा तिथेच दाबला, आणि घराचा ताबा देताना वरून चार बोटं लाल मातीचा थर पसरून दिला. दिसायला काय सुंदर! मी त्या मातीत पहिली पहार मारली तेव्हा ठिणगी उडाली. अक्षरशः. एका दिवसात एका वाफ्यातून निघालेला ऐवज: अर्ध्या विटा, सळईचे तुकडे, फरशीच्या चिपा, एक हातमोजा आणि घट्ट झालेलं अख्खं सिमेंटचं पोतं, पोत्याच्या आकारातच. एक फूट खोल खड्डा करून पाण्याने भरला, निचरा बघायला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच, वर एक बेडूक.

तपासून घेतली तर मातीचा सामू, म्हणजे pH, आला 8.4. भाज्यांना साधारण 6 ते 7 लागतो. सिमेंट आणि चुना मातीत मुरला की असंच होणार. अशा मातीत लोह असलं तरी मुळांना ते घेता येत नाही, मग कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. माझी मिरची महिनाभर तशी उभी होती. त्यावर सल्ला काय, तर ‘पाणी कमी पडतंय.’ दुसरा म्हणाला ‘पाणी जास्त होतंय.’ तिसऱ्याने वाळू मिसळायला सांगितली. चिकट मातीत थोडी वाळू मिसळली की काय होतं ते मी करून पाहिलंय. वीट होते. विटांची मला कमतरता नव्हती.

शेवटी नाद सोडला आणि जमिनीच्या वर फळ्यांचे गादीवाफे केले. बाहेरून माती आणली, चाळणीने चाळली, शेणखत मिसळलं. त्या मातीतून लव्हाळ्याच्या तणाच्या गाठी फुकटात आल्या, तो विषय मी आज काढत नाही. पण माती भुसभुशीत झाली, बोट घातलं तर आत जाईल अशी. आणि इथेच ‘पूरक’वाल्यांचं गणित चुकतं, नीट ऐका. कोंबडी अंगावरच्या उवा-गोचिडी घालवायला मातीत लोळते. ती तिची अंघोळ आहे. त्यासाठी तिला कोरडी, मऊ, मोकळी माती लागते. आता माझ्या अख्ख्या आवारात मऊ माती कुठे आहे? बरोबर. बाकी सगळा मुरूम. मी रक्त आटवून वाफे केले नाहीत, कोंबड्यांसाठी न्हाणीघर बांधलं.

‘किडे खातात हो त्या.’ खातात ना! पण किडा शोधायला त्या भिंग घेऊन पानामागे बघत नाहीत. दोन्ही पायांनी माती उकरतात, मग मागे सरून बघतात काही निघालं का. त्या उकरण्यात रोप निघालं तर निघालं. गाजराच्या वाफ्यात त्यांनी गांडुळं वेचून खाल्ली, म्हणजे जे एक प्राणिमात्र माझ्या बाजूने काम करत होतं तेसुद्धा. मावा मात्र मिरचीवर तसाच. त्याला चोच लावायला कुणाला सवड नाही.

आता खत. इथे मी स्वतःच्याही थोबाडीत मारून घ्यायला तयार आहे. सगळ्यांनी सांगितलं, कोंबडीखतासारखं खत नाही. खरं आहे, नत्र, म्हणजे नायट्रोजन, भरपूर असतं. पक्ष्यांची लघवी वेगळी होत नाही, विष्ठेवरचा तो पांढरा भाग म्हणजे तीच, आणि तिचा बघता बघता अमोनिया होतो. मी आपली उत्साहात खुराडं खरवडून ताजा माल टोमॅटोच्या प्रत्येक आळ्यात ओंजळ ओंजळ टाकला. बारा रोपं. चौथ्या दिवशी पानांच्या कडा काडी लावल्यासारख्या करपल्या. आठवड्यात नऊ रोपं गेली. मग ज्यांनी सल्ला दिला तेच म्हणतात, ‘अगं, कुजवून घालायचं असतं!’ हो? हे आधी सांगताना जीभ टाळ्याला चिकटली होती?

बरं, कुजवू. कुजवायचं तर नत्राच्या एका भागाला कर्बाचे, म्हणजे कार्बनचे, पंचवीस-तीस भाग लागतात, म्हणजे कोरडा पालापाचोळा, भुसा, वाळलेलं गवत, ढीगच्या ढीग. पालापाचोळा कुठून येतो? झाडांवरून. नवीन घराला झाडं असतात का? नसतात! बांधकामाच्या आड येत होती म्हणून होती नव्हती ती तोडलेली असतात. मी हल्ली दुसऱ्यांच्या दारातला पाचोळा पोत्यात भरून आणते. नवरा म्हणतो, लोक बघतात. बघू देत, म्हटलं, खुराड्याचा वास घेत बसण्यापेक्षा बरं.

आणि कुजायची वाट न बघता कच्चंच घालावं, तर ते या हंगामात उपयोगाचंच नाही. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीचा नियम असा की कच्चं खत घातलं तर मातीला टेकणाऱ्या भाजीच्या काढणीआधी 120 दिवस मधे जायला हवेत, न टेकणाऱ्या भाजीसाठी 90. कारण विष्ठेतले साल्मोनेलासारखे जंतू. माझा पालक चाळीस दिवसांत काढणीला येतो. म्हणजे आला असता. तेव्हा ते तुमचं सुंदर चक्र फिरतं, पण एक फेरी घ्यायला त्याला एक अख्खा हंगाम लागतो, आणि तोवर दोघांच्या मधे कुंपण लागतं. पूरक कसले? दोन सवती आहेत. वेगळे संसार मांडून दिले तरच नांदतील.

पिल्लांचं तर वेगळंच. सहा आणली होती. पहिल्या आठवड्यात त्यांना 35 अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. खुराडं तयार नव्हतं, कारण सुतार ‘उद्या’ येणार होता. म्हणून नव्या घराच्या नुकत्याच रंगवलेल्या खोलीत खोका, त्यावर दिवा. पिल्लांच्या पिसांचा पांढरा भुगा किती उडतो याची मला कल्पना नव्हती. भिंतींवर, पडद्यांवर, पंख्याच्या पात्यांवर. तो उद्या पाच आठवड्यांनी उजाडला.

आणि जाळी. बांधकामातली चिकन मेश उरली होती, ती षटकोनी भोकांची, विटा आणि कॉलमच्या सांध्यावर प्लास्टरखाली ठोकतात ती. नावातच चिकन आहे म्हटल्यावर मी दुसरा विचार केला नाही. त्या जाळीतून कोंबडी बाहेर जात नाही, एवढाच तिचा उपयोग. बाहेरचा जीव आत यायला तिची काही हरकत नसते. मुंगसाने एका रात्रीत तारा फाकवल्या. सकाळी पाचच पिल्लं होती, सगळी एका कोपऱ्यात, एकमेकांच्या अंगावर चढून. आवाज नाही कुणाचा. त्या दिवशी मी कुणावर चिडले नाही, चिडायलाही सुचलं नाही. नंतर अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावली, फूटभर जमिनीखाली घेऊन बाहेरच्या बाजूला वळवली. त्यासाठी पुन्हा तोच मुरूम, तीच पहार.

उरलेल्या पाचांत दोन कोंबडे निघाले. एक दिवसाच्या पिल्लात नर-मादी ओळखायला तयार नजर लागते, देणाऱ्याची नजर फक्त पिल्लं खपवण्यात तयार होती. ‘सगळ्या माद्या, ताई, बिनधास्त न्या.’ आता पहाटे चारला जुगलबंदी सुरू होते. शेजारचे काका भले माणूस, पण परवा त्यांनी विचारलंच, काही करता येईल का. मी रात्री खुराड्यावर जाड गोधडी टाकून पाहिली. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे लहानपणापासून ऐकत होते. आता प्रयोगाने सिद्ध केलंय. आरवायचंही राहत नाही, फक्त गोधडी खराब होते.

याच काकांचा रोजचा दुसरा प्रश्न: ‘अंडी सुरू झाली का?’ नाही झाली! विसावा आठवडा चालू आहे. काही जाती अठराव्या आठवड्यात घालतात, काही चोविसावा उलटला तरी ढिम्म. माझ्या तिघींचे तुरे आत्ता कुठे लाल व्हायला लागलेत. पाच जण मिळून दिवसाला अर्धा किलो खाद्य संपवतात आणि त्या बदल्यात अजून मला काही म्हणजे काही मिळालेलं नाही. आणि हो, अंडी यायला कोंबडा लागत नाही. पिल्लं हवी असतील तर लागतो. हे मी इतक्या लोकांना समजावलंय की आता दारावर लिहून लावणार आहे.

तर कुंपण. गेल्या महिन्यात वाफ्यांभोवती चार फुटी कुंपण घातलं. तिघींच्या एकेका पंखाची लांब पिसं कापली, एकाच बाजूची, म्हणजे उडताना तोल जातो. कापलेली पिसं गळून नवी येईपर्यंत निश्चिंत, असं वाटलं. पण जाळीची वरची कड उघडीबोडकी दिसते म्हणून मी तिथे हौसेने लाकडी पट्टी मारली, पॉलिश करून. कोंबडीला बसायला जागा दिसली नाही तर ती सहसा वर झेप घेत नाही. दिसली की घेते, आधी पाण्याच्या बादलीवर, तिथून पट्टीवर, तिथून पालकात. लालने वाट शोधली, काळी तिच्या मागून शिकली. पांढरी तेवढी अजून साधी आहे, असं मी कालपर्यंत म्हणत होते.

पांढरी आत्ता पट्टीवर बसलीये. तोंड वाफ्याकडे. थांबा जरा.